घुबडाची पाठ

लाकडी खेळणी करणारी ती बाई बोलायला फटकळ, पण धाकट्या भावाच्या बाबतीत ठार आंधळी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. तो शेफारला तेव्हाही तिने दोष शेजारच्या पोरांना दिला. आता ती खेळणी करायची आणि तो विकायचा.

नवं खेळणं दुकानात जाईपर्यंत त्याचा फोटो फक्त समोरून काढायचा, असा तिचा नियम होता. नक्कल करणारे टपलेलेच असतात. यंदाच्या घुबडाच्या पाठीत मुलांना आपला खजिना लपवायला एक चोरकप्पा होता. ती डावखुरी, त्यामुळे कप्प्याचं झाकण तिरकं, एका अंगाला सरकलेलं. ते या दोघांशिवाय कुणीही पाहिलं नव्हतं.

आणि आज एका बड्या कंपनीच्या जाहिरातीत तेच घुबड प्लास्टिकचं होऊन गरागरा फिरत होतं. पाठीत चोरकप्पा. झाकणही तसंच तिरकं. तिने भावाला हाक मारून ती जाहिरात दाखवली.

"अगं ताई, हल्ली एआय एका फोटोवरून वस्तू चहूबाजूंनी दाखवतं," भाऊ म्हणाला. "आपण समोरचा फोटो टाकला होता ना, तो त्यांनी उचलला. पाठ मशीनने काढली. यात माझा काय दोष?"

तिच्या जिवात जीव आला. घुबड गेलं तर गेलं, भाऊ तरी आपला राहिला. "मला दाखव बरं करून," ती म्हणाली. संशयाने नव्हे, मनाला स्वस्थता हवी म्हणून.

त्यानेही मोठ्या ऐटीत तो फोटो मोबाइलवरच्या एआयमध्ये टाकला. पडद्यावरचं घुबड वळलं. पाठ गुळगुळीत, पिसं शिस्तीत ओळीने. कप्प्याचा पत्ता नाही.

"कधीकधी चुकतं ते," म्हणत त्याने पुन्हा बटण दाबलं. आता शेपूट हातभर लांब आलं. मग पाठीवरही डोळे उगवले. एरवी ती पोट धरून हसली असती. मशीन बिचारं न पाहिलेलं अंदाजाने रचत होतं. कुणी दाखवल्याशिवाय त्याला चोरकप्पा कळणार कसा? भावाच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेल्या पोराने तिचा गळा कापला होता.

"नेट स्लो आहे गं. राहू दे," तो मोबाइल खिशात घालू लागला.

तिने त्याचं मनगट धरलं. ये रे बाबा, एकदा तरी तो कप्पा येऊ दे, असं ती मनातल्या मनात त्या मशीनला विनवत होती.

"अजून एकदा कर," ती म्हणाली.