शेळीची घंटी आणि दोन एक्के

मी एक घंटी बोलतेय. देवळातली नव्हे, शाळेतली तर मुळीच नव्हे. मी शेळीच्या गळ्यातली, लिंबाएवढी, पितळेची. पण शेळ्यांपेक्षा माझं आयुष्य माणसांतच जास्त गेलं. दोघांत फारसा फरक नाही, असं माझं मत आहे. समोर दिसेल त्याला दोघंही तोंड लावतात.

टेक्सासमधल्या टेकड्यांत एका लोहाराने जुन्या नळाच्या पितळेतून मला घडवलं आणि हॅचर कुटुंबाच्या पर्ल नावाच्या शेळीच्या गळ्यात मी पडले. घरातला धाकटा डॉयल पर्लच्याच दुधावर वाढला. पर्ल मेली तेव्हा त्याने मला सोडवून खिशात घातलं. शेळ्या पाळायचा मात्र त्याला कंटाळा. तो पत्ते खेळायला लागला. आधी न्हाव्याच्या दुकानामागे, मग गावोगावी, आणि शेवटी लास वेगासला.

तिथे मला नोकरी मिळाली. पोकरच्या टेबलावर तुमचे दोन पत्ते तुमच्यापुढे पालथे पडलेले असतात, आणि ते सांभाळायचे तुम्हीच. म्हणून त्यांवर काहीतरी वजन ठेवायचं. वजन नसेल तर पत्ते वाटणारा समजतो, यांनी पत्ते टाकले, म्हणजे डाव सोडला. तो ते ओढून घेतो आणि तुमचा डाव मेला. कोणी खडा ठेवतं, कोणी जुनं नाणं. एकजण तर स्वतःचा सोन्याचा दात ठेवायचा. डॉयल मला ठेवायचा.

पहिल्याच दिवशी मी किणकिणले तेव्हा एकजण खेकसला, “अरे, हे पत्त्यांचं टेबल आहे की गोठा?” डॉयलने माझ्या तोंडात फ्लॅनेलची चिंधी कोंबली. तेव्हापासून मी मुकी झाले. आम्हा दोघांचंच नव्हे, साऱ्या टेबलाचं बोलणं तो एकटाच बोलायचा.

जांभळा कोट, शहामृगाच्या कातड्याचे बूट, हॅटमध्ये मोराचं पीस. एकतिसाव्या वर्षी तो सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकला. लोक म्हणाले, “नशीब!” तो म्हणाला, “नशीब माझ्याकडे पगारावर आहे.” सगळे हसले, पण तो शब्द त्याला काट्यासारखा रुतून बसला. पुढची तीस वर्षं तो एकाच गोष्टीसाठी खेळला. आणखी एकदा जिंकायचं, म्हणजे कोणी नशीब म्हणणार नाही.

त्याचं एक गुपित मला ठाऊक आहे. तो थाप मारायला लागला की त्याचा उजवा अंगठा माझ्या काठावरून गोल गोल फिरतो. तिथे मी झिजून पातळ झालेय. टेबलावर हे कोणाच्या लक्षात आलं नाही, फक्त त्याच्याशी वर्षानुवर्षं खेळणाऱ्या म्हाताऱ्या लर्लीनबाईंना थोडा वास आला असावा. कोलाच्या बाटलीत खारे दाणे टाकून पीत बसायच्या आणि डोळे सगळीकडे.

मग ती दुपार आली. त्याच मोठ्या स्पर्धेत चौघंच उरले होते, त्यांत डॉयल आणि लर्लीनबाई. डॉयल पत्ते वाटणाऱ्या रामोनाच्या अगदी कोपराशी बसला होता. मुलगी नवीन होती. मागच्या खुर्चीत त्याची बायको ओपल बसली होती. डॉयलने पत्त्यांचा कोपरा उचलून पाहिला. दोन एक्के! सुरुवातीला याहून भारी पत्ते मिळतच नाहीत. त्याने मला अलगद वर ठेवलं. त्याची नाडी मला ऐकू येत होती.

तेवढ्यात लर्लीनबाई म्हणाल्या, “डॉयल, त्या घंटीच्या तोंडात चिंधी कशाला रे? तीसुद्धा तुझ्या गोष्टींना वैतागली काय?”

आता हे तो सोडतो होय? “लर्लीनबाई, ही वाजली ना, तर तुमची कवळी टेबलावर येईल!” असं म्हणत त्याने मला उचललं, चिंधी ओढायला लागला, आणि पर्लने पाद्रीबाबांची टोपी कशी खाल्ली ती गोष्ट सुरू केली. टेबल हसून लोळत होतं. रामोनाला कोपराशी दोन मोकळे पत्ते दिसले. तिने ते ओढून घेतले.

हसू थांबलं. “साहेब... तुम्ही टाकले होते ना?” रामोनाने विचारलं.

पंच आले. तेव्हा टेबलावर कॅमेरे नसायचे, माणसाचा शब्द चालायचा. ते म्हणाले, “घंटी पत्त्यांवर होती का? असेल तर चूक या मुलीची. पत्ते टाकलेल्या ढिगात वरच आहेत, परत मिळतील. आणि ही आत्ता कामावरून घरी जाईल.”

कोणालाच नीट आठवत नव्हतं. सगळे त्या टोपीवर हसत होते. डॉयलने फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. जन्मभर थापांवरच तर जगला होता तो! त्याचा अंगठा माझ्या काठावर आला. फिरायला लागला. अर्धा फेरा झाला... आणि थांबला.

“नव्हती. घंटी माझ्या हातात होती. माझंच तोंड आवरलं नाही. पोरीला काही बोलू नका.”

“काय होतं रे?” लर्लीनबाईंनी विचारलं.

“दोन एक्के.”

“चल, काहीतरीच!” बाकीचे दोघं म्हणाले. लर्लीनबाईंनी मात्र त्याच्या स्थिर अंगठ्याकडे पाहिलं आणि बाटली खाली ठेवली.

तासाभरात तो हरला. ओपल एवढंच म्हणाली, “चल आता घरी. तिथे निदान शेळ्या तरी तुझं ऐकतील.”

आता मी पुन्हा एका शेळीच्या गळ्यात आहे. तिचं नाव त्याने लर्लीन ठेवलंय. चिंधी गेली आहे आणि मी मनसोक्त वाजते. संध्याकाळी शेजारी ओसरीवर जमतात. डॉयल लर्लीनची मान खाजवत सांगतो, “अहो, ते एक्के मी मुद्दाम सोडले. म्हटलं, म्हातारीला जिंकू द्यावं!” आणि त्याचा अंगठा नकळत माझ्या काठावर फिरायला लागतो. मी किणकिणते. आतून ओपल ओरडते, “डॉयल, ऐकू आलं हं मला!”

तुम्ही कधी त्या ओसरीवर आलात तर त्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐका, पोटभर हसा. फक्त खरं-खोटं त्याला विचारू नका. ते सांगायला मी आहे.