जॅनिसचा झेंडा

आमच्या थॉर्नबेक क्लबचं मैदान बघायला मुद्दाम कोणी येत नाही. आलंच तर पहिला प्रश्न हाच, की मैदान एका बाजूला उतरतंय का हो? उतरतंय. वरच्या गोलकडून खालच्या गोलकडे चांगलं पुरुषभर उतरतंय. खालच्या गोलमागे दगडी भिंत, पलीकडे मेंढ्या. आणि कडेला, मधल्या रेषेजवळ जे लाकडी खुराडं दिसतं, त्यात बसून माइकवर बोलतो तो मी, क्लिफ. पगार नाही. चहा फुकट, तोही पांचट.

त्या शनिवारी हंगामातला शेवटचा सामना होता. जिंकलो तर लीगमध्ये टिकणार, बरोबरी झाली तरी खालच्या लीगमध्ये जाणार. म्हणून बायकोला हातापाया पडून आणलं होतं. जॅनिस पूर्वी रेफरी होती, आणि नवरा म्हणून सांगत नाही, पण फार चांगली होती. तीन वर्षांपूर्वी पोरांच्या एका सामन्यात कुणाचा तरी बाप तिच्या तोंडावर थुंकला. तिनं सामना पुरा केला, घरी आली, शिटी ड्रॉवरमध्ये टाकली. त्यानंतर आमच्या घरात फुटबॉलचं नाव काढायची सोय नव्हती.

मध्यंतरानंतर जेमतेम खेळ सुरू झाला आणि एका लाइन्समनच्या, म्हणजे झेंडा घेऊन कडेच्या रेषेवर पळणाऱ्या पंचाच्या, पोटरीत गोळा आला. त्याला धरून बाहेर नेलं. रेफरी माझ्या खिडकीशी आला. ‘‘विचारा, प्रेक्षकांत कुणी रेफरीचा परवानावाला आहे का. नसेल तर सामना मंगळवारी पुन्हा.’’

मंगळवारी! आमचे निम्मे खेळाडू मंगळवारी रात्रपाळीला असतात. मी माइकवर विचारलं. दोनशे माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली. मग माझ्या शेजारी चिप्स खात बसलेली जॅनिस म्हणाली, ‘‘माझ्याकडे आहे.’’

‘‘अगं, तो तर संपला ना?’’

‘‘दर वर्षी नवा करून घेते. तुला सांगितलं असतं तर माझा जीव खाल्ला असतास.’’

तिनं चिप्सचा कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि बूट घट्ट बांधले.

पाहुण्या रॅमस्कारचा मॅनेजर प्रोबर्ट आडवा आला. ‘‘माइकवाल्याची बायको? म्हणजे आम्ही आत्ताच घरी जायचं का?’’

‘‘जायचं तर जा,’’ जॅनिस म्हणाली. ‘‘नाहीतर बाजूला व्हा, मला रेषेवर उभं राहायचंय.’’

रेफरी हसला. प्रोबर्ट चरफडला, पण त्यालाही मंगळवारी पुन्हा एवढ्या लांब यायचं नव्हतं.

आणि मग मी जे पाहिलं ते सांगताना अजून अंगावर काटा येतो. माझी बायको, जी जिना चढताना गुडघ्याच्या नावानं कुरकुरते, ती त्या उतारावर शेवटच्या बचावपटूच्या बरोबरीनं पळत होती. नजर रेषेवरून हलत नव्हती. तिच्या मागेच कठड्याला टेकून आमचा अर्नी उभा होता. तोंडाचा फाटका माणूस. ‘‘बाई, चष्मा आणू का?’’ ‘‘बाई, चूल विझली असेल!’’ असं त्याचं चालूच होतं. तिनं मान वळवली नाही. सामना मी बघतच नव्हतो, तिलाच बघत होतो. इतकी वर्षं एका छपराखाली राहतोय आणि हिला मी ओळखतच नाही, असं वाटलं.

शेवटची मिनिटं, शून्य-शून्य. आमचा कॉनर, एरवी विटा रचणारा पोरगा, खालच्या गोलकडे सुटला, आणि चेंडू थेट जाळ्यात. अख्खं मैदान उसळलं. मी भान विसरून माइकवर ओरडलो, ‘‘गोल! कॉनर फेअरहर्स्ट!’’

मग माझी नजर रेषेवर गेली. झेंडा वर होता. हात कानाला चिकटलेला, काठी सरळ आभाळाकडे. ती जागची हलली नाही. आमची पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून ओरडत होती, कुणी गयावया करत होतं, आणि ती त्यांच्या डोक्यांवरून रेफरीकडे बघत उभी. सगळं मैदान हळूहळू गप्प होत गेलं. पलीकडच्या मेंढ्यांचा आवाज ऐकू यायला लागला. अर्नीनं तोंड उघडलं, पण कॉनर शेवटच्या बचावपटूच्या पुढे होता हे तिच्या मागून त्यालाही दिसलं होतं; त्यानं तोंड मिटलं. रेफरीनं शिटी मारली. मला माइकवर माझेच शब्द मागे घ्यावे लागले, ‘‘ऑफसाइड. गोल नाही.’’

सामना बरोबरीत सुटला. आम्ही खाली गेलो.

प्रोबर्ट हात पुढे करून तिच्याकडे आला. ‘‘हात पोरांना द्या,’’ ती म्हणाली, ‘‘खेळले ते.’’ ती कठड्याकडे आली तेव्हा लोकांनी आपणहून वाट दिली. अर्नीनं तिच्यासाठी फाटक उघडून धरलं.

गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली नाही. आधी विचारलंच, ‘‘जॅनिस, एकदासुद्धा मनात आलं नाही का, की नको उचलायला?’’

‘‘आलं ना,’’ ती म्हणाली. ‘‘तुझं ओरडणं ऐकलं मी. म्हणून तर हात इतका ताठ धरावा लागला.’’

मी गाडी सुरू केली.