राणीच्या पत्राची नक्कल

अण्णांनी सुनेचा प्रबंध जाळला, ही गोष्ट आमच्या सेक्टरात अजून सांगितली जाते, आणि सांगणारा दर वेळी चार पानं पदरची घालतो. खरं म्हणजे जळाला तो प्रबंध नव्हे, त्याच्या शेवटच्या प्रकरणाची टिपणं. कागद एकूण सव्वीस. पण अरुणाच्या दृष्टीने तेव्हा तेवढंच तिचं सगळं होतं.

साल शहाऐंशी, महिना डिसेंबर. नोएडात सेक्टरांना आकडे मिळाले होते, रस्त्यांना दिवे मिळायचे होते. अरुणा दिल्लीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची, तीही कच्च्या नोकरीवर. पीएच.डी.ला नाव घालून आठ वर्षं झाली होती. मध्ये वीणाचा जन्म झाला, घर बदललं, आणि उरलेला वेळ बसने खाल्ला. आता विद्यापीठाने शेवटची मुदत दिली होती. तिच्या गाइड विजयालक्ष्मी मॅडम तोंडाच्या फटकळ. त्यांनी सांगून टाकलं होतं, "सोमवारी शेवटचं प्रकरण माझ्या टेबलावर. नाहीतर नोंदणी रद्द, और मैं कुछ नहीं कर पाऊँगी."

प्रबंध होता इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट राणीविरुद्ध, एलिझाबेथविरुद्ध, कॅथलिकांनी केलेल्या बंडांवर आणि कटांवर. शेवटचं प्रकरण बॅबिंग्टनच्या कटाचं. हा बॅबिंग्टन पंचविशीतला, पैशाने आणि उत्साहाने ओसंडणारा कॅथलिक जमीनदार. एलिझाबेथला मारायचं आणि तिच्या कैदेत अठरा वर्षं पडलेल्या स्कॉटलंडच्या मेरी राणीला गादीवर बसवायचं, असा त्याचा बेत. मेरीची पत्रं सांकेतिक खुणांत लिहिलेली असत आणि बिअरच्या पिंपात लपवून जात-येत. कटवाल्यांना वाटे, काय आपली अक्कल! ती सगळी पत्रं वाटेतच उघडली जात होती. फेलिप्स नावाचा एक सरकारी कारकून खुणा उलगडी, नक्कल करी, आणि मूळ पत्र पुन्हा जसंच्या तसं बंद करून पुढे धाडी. अशाच एका पत्रापायी मेरीचं डोकं उडवलं गेलं.

अरुणाने त्या खुणांचे तक्ते आणि पत्रांचे उतारे ग्रंथालयात बसून हाताने उतरवले होते. तीन महिन्यांचं काम. गुरुवारी घाईत ती ते कागद गच्चीतल्या खुर्चीवर विसरली.

संध्याकाळी घरी आली तर अण्णा दारातच उभे. अण्णासाहेब म्हणजे तिचे सासरे. दिल्लीत सरकारी नोकरीत तीस वर्षं काढून आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. काय काम करत, असं कुणी विचारलं तर "फाइलिंग" एवढंच सांगत. चेहरा पार उतरलेला.

"अरुणा, तुझे खुर्चीवरचे कागद मी जाळले."

तिला आधी कळेचना. मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात राख होती, काडीने ढवळून अगदी बारीक केलेली. ती पाहिल्यावर मात्र कळलं.

"जाळले? अहो, का? मी काय बिघडवलं होतं तुमचं?" सासऱ्यांपुढे तिचा आवाज आजवर एवढा चढला नव्हता. विश्वास, तिचा नवरा, ऑफिसच्या दौऱ्यावर भोपाळला. सगळा राग अण्णांवरच निघाला.

सासूबाई, प्रमोदिनीबाई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "तीस वर्षं लोकांच्या फाइली लावल्या म्हणे, आणि घरात आल्यावर सुनेच्या जाळल्या! बिल्कुल डोकं ठिकाणावर नाही ह्यांचं."

अण्णा खुर्चीत बसले. मग त्यांनी जे सांगितलं, ते प्रमोदिनीबाईंनीही लग्नाच्या एवढ्या वर्षांत ऐकलेलं नव्हतं. ते फाइलिंगमध्ये नव्हतेच. ते सांकेतिक तारा उलगडणाऱ्या विभागात होते. तारांच्या आकड्यांमधून शब्द काढायचे, साहेबांकडे द्यायचे, आणि जागेवरून उठण्याआधी सगळे कच्चे कागद मोजून, वाचून, जाळून टाकायचे. राख ढवळायची, मगच घरी जायचं. कुणाला काही सांगायचं नाही, बायकोलाही नाही.

"उन्हात बसून तुझे कागद वाचले मी. तीनदा वाचले. काय सांगू, निवृत्त झाल्यापासून एवढा आनंद कशात झाला नव्हता. ओळखीची माणसं भेटल्यासारखं वाटलं. वाचून झालं आणि उठलो. पुढचं हातांनी केलं गं. राख ढवळताना भानावर आलो."

अरुणा आत गेली आणि दार लावून रडली. आठ वर्षं! हातात उद्याचा दिवस आणि शनिवारचा अर्धा, रविवारी ग्रंथालय बंद. तेवढ्यात तक्ते सोडा, निम्मे उतारेही होणार नव्हते.

सकाळी अण्णा कोरे कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी हजर. "बस. मी सांगतो, तू लिही. पहिला कागद, वर उजव्या कोपऱ्यात पुस्तकाचं नाव आणि पान एकशे बारा."

अरुणाला वाटलं, म्हातारा पश्चात्तापाने भ्रमिष्ट झाला. पण पान एकशे बाराच होतं. अण्णांनी डोळे मिटले आणि उतारा सुरू केला. स्वल्पविरामासकट. खुणांचा तक्ता त्यांनी स्वतः काढून दिला, एकेक खूण सावकाश. तीस वर्षं कागद जवळ ठेवायची परवानगी नसलेल्या माणसाने डोक्यातच कपाट केलेलं होतं. तिने कॉलेजात रजा कळवली. प्रमोदिनीबाईंनी चहा आणून ठेवला, आणि वीणाला शेजारी पाठवलं.

दुपारी मेरीच्या त्या घातकी पत्रापाशी आले तेव्हा अण्णा थांबले. "सहीनंतर ही जी ओळ आहे ना, मारेकऱ्यांची नावं कळवा म्हणून, ती बाईची नाही."

"अण्णा, अभ्यासक हेच म्हणतात! ती फेलिप्सने घुसडली. माझ्या पुढच्या कागदावर होतं ते."

"तिथवर पोचायच्या आधीच मला कळलं होतं. अठरा वर्षं कोंडलेली बाई विचारेल, मला सोडवायला कधी येता? नावं पोलीस विचारतो." मग म्हणाले, "माणूस हुशार होता, पण आपल्या कामाचा धर्म सोडला त्याने. आपण फक्त उलगडायचं. पदरचा एक शब्दही घालायचा नाही."

अरुणाने तो विचार प्रकरणात घातला. आठ वर्षांत फेलिप्स तिला पहिल्यांदाच माणूस म्हणून दिसला. रागाचा मागमूस उरला नव्हता.

शनिवारी ती पडताळणीसाठी ग्रंथालयात गेली. सव्वीसपैकी जमतील तेवढे कागद ताडून पाहिले. सगळं बरोबर, फक्त एक तारीख चुकलेली. मेरीच्या पत्राची तारीख सतरा जुलै, अण्णांनी सांगितली होती सत्तावीस. तिला उलट त्यांच्याबद्दल माया वाटली. एवढ्या डोंगरात एक खडा तर निसटणारच.

घरी येऊन ती हळूच म्हणाली, "अण्णा, कमाल आहे तुमची. एक तारीख तेवढी निसटली, सत्तावीस नाही, सतरा. पण काही हरकत नाही, मी सुधारते."

अण्णांचा चेहरा क्षणभर बदलला, पण ते वाद घालणाऱ्यांतले नव्हते. "अच्छा. गठ्ठ्याच्या तळाशी चिठ्ठी ठेवली होती. वाचली नाहीस वाटतं."

तिने गठ्ठा उलटा केला. तळाशी घडी घातलेली चिठ्ठी होती, अण्णांच्या टोकदार अक्षरात: 'शंका एक. पत्र २७ जुलैला लिहिलं असेल, तर फेलिप्सने ते १९ जुलैला उलगडलं कसं? तुझ्या मूळ कागदावर २७ असंच होतं. मजकुरात बदल केलेला नाही.'

अरुणाने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. चूक तिची होती. ग्रंथालयात उतरवताना तिच्या हातून झालेली, आणि तिच्या लक्षातही न आलेली. कागद जळले नसते तर तीच तारीख मॅडमच्या टेबलावर गेली असती.

"तुम्हाला दिसलं होतं, तर लिहितानाच का नाही सांगितलं?"

"मजकूर तुझा. आमच्याकडे आलं तसं द्यायचं, आणि शंका वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची."

"अण्णा, तुमचं बरोबर होतं. माझंच चुकलं. परवा एवढं बोलले मी तुम्हाला, आणि तुम्ही माझी आठ वर्षं वाचवलीत. कशी फेडू?" तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

अण्णांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने उगीच पुसत राहिले. प्रमोदिनीबाई दारात उभ्या होत्या.

"फेडायचं काय त्यात," अण्णा म्हणाले. "तीस वर्षांत अशा किती चिठ्ठ्या दिल्या मी. साहेब वाचायचे, खिशात घालायचे. माझी शंका खरी निघाली की खोटी, एकदाही कळलं नाही मला. आज पहिल्यांदा कळलं. मीच तुझे आभार मानायला हवेत, पोरी."

अरुणाने पेन उघडलं आणि त्यांच्या समोर बसून सत्तावीसचे सतरा केले.