एकदाच सांगायचा कायदा

विधिमंडळाच्या समितीत मी लघुलेखिका आहे. इतरांनी बोलायचं, आपण उतरवायचं, तोंड उघडायचं नाही. बावीस वर्षं हे जमलंय. नवरा म्हणतो, तिथलं गप्प राहणं तू घरी माझ्यावर वसूल करतेस.

त्या आठवड्यात मुलांसाठीचं विधेयक होतं. अत्याचार झालेल्या मुलानं घडलेलं एकदाच, एका खोलीत, एकाच समुपदेशक ताईला सांगायचं. पोलीस, डॉक्टर, वकील यांनी त्याचंच चित्रण पाहायचं. शिवाय बिथरलेल्या मुलांच्या उपचारांना सरकारी निधी. तो मिळाला नाही तर शहरातलं एकुलतं एक केंद्र महिनाअखेर बंद पडणार होतं.

विधेयक चांगलं आहे हे सगळ्यांनाच मान्य होतं. पण सभासदांना उदाहरण हवं होतं, जितंजागतं. केंद्राच्या ताई नको म्हणत होत्या, तरी एक पंधरा वर्षांची मुलगी आपणहून आली. तिची नऊ वर्षांची बहीण केंद्रात होती. ती कुणाशी बोलत नव्हती, जवळ गेलं की चावायची.

"ती बोलेल तेव्हा तिला एकदाच सांगावं लागावं," थोरली म्हणाली, "म्हणून आलेय."

सोमवारी तिनं दोघींच्या बाबतीत घडलेलं सगळं सांगितलं. त्या दिवशी दोन सभासद लग्नाला गेले होते, म्हणून मंगळवारी पुन्हा सांगितलं. बुधवारी अर्थखात्याचे साहेब आले, तेव्हा तिसऱ्यांदा. हसावं की रडावं कळेना.

तिसऱ्या वेळी तिची वाक्यं माझ्या मंगळवारच्या वहीशी शब्दन्शब्द जुळत होती. एक ज्येष्ठ सभासद, माणूस तसा वाईट नाही, चष्मा पुसत म्हणाले, "बाळ, हे घोकून आणल्यासारखं वाटतंय."

माझं डोकं फिरलं. "साहेब, तीनदा सांगायला लावलं की पाठ होणारच," मी म्हणाले.

टेबलच बोललं असावं तसं अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य इतिवृत्तात नाही. मीच लिहिलं नाही.

ज्येष्ठ सभासदांनी तोडगा काढला. "उद्या धाकटीलाच आणा. तिच्या तोंडून ऐकलं की शंका उरणार नाही."

ताई ताडकन उठल्या. मुलीनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"तिला नको," ती म्हणाली. "मीच परत सांगते. या वेळी अडखळत सांगते."

आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. विधेयक त्याच दुपारी समितीत एकमतानं मंजूर झालं.