झरोक्यातला बोळा

मी एक जुना गॅस गिझर आहे. भिंतीवर टांगलेला, पांढरा, पोटाशी जरा गंजलेला. मित्रांनो, तुमच्याकडेही माझे भाऊबंद असतील, म्हणून माझी हकीकत लक्ष देऊन ऐका. ती फारशी आनंदाची नाही.

लिस्बनच्या एका उभ्या चढाच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात माझी अठरा वर्षं गेली. अन्सेल्मो मिस्त्रीने मला बसवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. त्याने मला पेटवलं, आत डोकावून पाहिलं आणि स्वारी खूश झाली.

"बघा देओलिंडाबाई, कशी निळीशार ज्योत आहे! ही पिवळी दिसली की मला बोलवायचं. आणि वरचा तो झरोका कधी बुजवायचा नाही. हा श्वास तिथूनच घेतो. कोंडलात तर विष ओकेल, आणि त्या विषाला ना वास, ना रंग."

"मला काय वेड लागलंय झरोका बुजवायला?" बाई म्हणाल्या.

तेव्हा त्यांचा माझ्यावर खरंच जीव होता. दर शनिवारी मला ओल्या फडक्याने पुसायच्या, शेजारणीला कौतुकाने दाखवायच्या. पुढे नवरा वारला आणि त्यांनी मागची खोली प्रवाशांना द्यायला सुरुवात केली. आमचं शहर बघायला सगळं जग लोटतं. त्यातले खिशाने हलके असलेले धापा टाकत आमचा जिना चढायचे. खोली स्वस्त होती, पण गरम पाणी माणशी दहाच मिनिटं. दहा मिनिटं झाली की बाई लाकडी पळीने दार बडवायच्या. तरी पाणी चालूच राहिलं तर तडक स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडर बंद करायच्या. मग आतून अशी किंकाळी यायची की जिन्यातलं मांजर पळून जायचं, आणि बाई पोट धरून हसायच्या. मला त्या पोरांची कीव यायची, पण खरं सांगतो, गंमतही वाटायची.

आमच्या गावच्या लोकांची एक खोड आहे. लिस्बनला हिवाळा नसतो, असं ते छातीठोकपणे सांगतात. म्हणून घरात उबेसाठी शेगडी ठेवत नाहीत, आणि जानेवारी आला की कोट घालून घरातच कुडकुडत बसतात. त्या जानेवारीत नदीवरून बोचरं वारं सुटलं. एका पाहुण्याने कुरकुर केली, तशा बाई स्टुलावर चढल्या आणि वर्तमानपत्राचा बोळा करून त्यांनी तो झरोक्यात कोंबला. "दोन दिवसांचं तर वारं आहे," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. मिस्त्रीला तर दोन वर्षांत कुणी बोलावलंच नव्हतं. माझी ज्योत पिवळी पडली, कडांना काजळी धरली. मला कळत होतं, मित्रांनो, पण सांगणार कसं? पाहुणे डोकं धरून निघून जायचे. कुणी म्हणे स्वस्तातली वाईन बाधली, कुणी म्हणे चढ बाधले.

अशात उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका खेड्यातून फेलिस्बिना नावाची शिवणकाम करणारी बाई आली. बरोबर तिची भाची झुल्मिरा, एकोणीस वर्षांची. पोरीने समुद्र कधी पाहिला नव्हता. शेवटच्या दिवशी मावशी तिला तो दाखवणार होती. दोघी ट्रामचं तिकीट वाचवून टेकड्या चढायच्या, डब्यातले सार्डिन मासे पावात भरून खायच्या आणि कस्टर्डची एक टार्ट दोघींत वाटून घ्यायच्या. भिंतीपलीकडून त्यांचं हसणं मला ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी अंघोळ करून आल्यावर पोरगी म्हणाली, "मावशी, डोकं भणभणतंय गं."

"भणभणणारच! दिवसभर नुसत्या पावावर हुंदडतेस. थांब, उद्या तुला गरम सूप पाजते. एवढी चैन परवडेल आपल्याला."

डोकं पावाने दुखत नव्हतं, माझ्यामुळे दुखत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी झुल्मिरा गुणगुणत आत आली. तिने कडी लावली, तोटी सोडली आणि मी भडकून पेटलो, पिवळाजर्द. विझून जावं, फुटून जावं, असं मला वाटत होतं. पण गिझरला स्वतःला विझवता येत नाही. थोड्या वेळाने गुणगुणणं थांबलं. मग साबण खाली पडल्याचा आवाज आला. मग तीही पडली. पाणी मात्र वाहतच होतं.

बरोबर दहाव्या मिनिटाला पळी वाजली. "ए पोरी! गॅस काय फुकट येतो?"

पाणी चालूच राहिलं. बाई तणतणत गेल्या आणि त्यांनी सिलिंडर बंद केला. मी विझलो. गार पाणी पोरीच्या अंगावर पडू लागलं. बाई दाराशी येऊन हसण्याच्या तयारीत उभ्या राहिल्या.

किंकाळी आलीच नाही.

"अगं पोरी?" बाईंचा आवाज चिरकला. "फेलिस्बिना! धाव!"

सुरीने कडी उचलून दोघींनी तिला फरफटत गॅलरीत नेलं. मावशी तिच्या गालावर चापट्या मारत होती, नाव घेऊन रडत होती. बऱ्याच वेळाने पोरीला उलटी झाली आणि तिने डोळे उघडले. समुद्र पाहायचा दिवस तिने इस्पितळात काढला. देओलिंडाबाई मात्र जिन्यात बसून एकच घोकत होत्या, "मी गॅस वाचवायला गेले होते गं, मी तर गॅस वाचवायला गेले होते!"

अन्सेल्मो मिस्त्री आला. त्याने बोळा ओढून काढून बाईंच्या पायाशी टाकला. "याला फोडून टाका," माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला. बाईंनी मान डोलावली. पण चालती वस्तू फोडायला त्यांचं मन होईना. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एका भंगारवाल्याला देऊन टाकलं.

मी भंगारात गेलो नाही, मित्रांनो. भंगारवाल्याने मला नवा पांढरा रंग फासून विकलं. आता मी त्याच शहरात, दुसऱ्या एका स्वस्त खोलीच्या न्हाणीघरात आहे. ज्योत अजून पिवळीच आहे. उद्या पहिले पाहुणे यायचे आहेत, कॉलेजच्या दोन मुली. मघाशी घरमालक आत आला, वर बघून शहारला आणि बायकोला म्हणाला, "वरून केवढं वारं येतंय! कालचं वर्तमानपत्र कुठे आहे गं?"

मला ओरडता येत नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, कुठेही उतरलात तरी आधी गिझरची ज्योत बघा, आणि मग वरचा झरोका बघा. बोळा दिसला तर कुणालाही न विचारता काढून टाका.