गच्चीवरची वाट

वाळत घातलेली चिंच.

दारासुरमहून बैलगाडीनं आलेल्या विटा.

वेताच्या खुर्च्या, अजून कुणी न बसलेल्या.

एक इंग्रजी शब्द: टेरेस.

शब्द चंद्रमौळीनं कचेरीतून आणला. तंजावरचं राज्य खालसा झालं, बापाची दरबारातली चाकरी गेली. मुलगा कुंभकोणच्या कचेरीत साहेबाचा कारकून झाला. साहेब एकदा सहज म्हणाला, तुमच्या टेरेसवर चहाला येईन. तेव्हापासून घरात गच्चीला गच्ची म्हणायची बंदी.

गल्लीतली घरं भिंतीला भिंत लावून. पुरुष खालून जात, बायका वरून. चंद्रमौळीची बायको गोमती रोज दुपारी कांजीचं भांडं घेऊन गच्च्या ओलांडत माहेरी जाई. तिथं तिची अम्मा भवानी, विधवा, एकटी, तापानं झिजलेली. रस्त्यानं जायचं तर नवऱ्याची सोबत हवी. नवरा कचेरीत.

"साहेब बसलेला असताना बायका भांडी मिरवत जाणार? भिंत घालतो."

"आणि माझी अम्मा?"

"संध्याकाळी मी नेईन की." मग ऐटीत, "विलायतेत ओळीनं जोडलेल्या घरांनाही टेरेसच म्हणतात. ठाऊक आहे?"

"मग ओळ तोडता कशाला?"

"इंग्रजी येत नाही तर गप बस."

भिंत डोक्याच्या वर गेली. संध्याकाळी त्याला उशीर होई. मग थकवा. मग अमावास्या.

एके दिवशी भर दुपारी भिंतीवर तांब्या आपटल्याचा आवाज.

"गोमती, पाणी दे ग."

अम्मा तापात, सवयीच्या वाटेनं आलेली.

गोमती पाणी घेऊन खुर्चीवर चढली. हात पलीकडे पोचेना. टाचा उंचावल्या, वेत फाटला, पाय आत गेला. पाणी अलीकडेच सांडलं.

ती खाली धावली, रस्त्यावर, डोईवर पदर नाही. शेजारचं घर कुलपात. मंडळी तिरुविडैमरुदूरला गेलेली. त्यापुढच्या घराच्या जिन्यानं वर पोचली तेव्हा अम्मा भिंतीला टेकून होती. मान कललेली. तांब्या हातात.

संध्याकाळी, स्मशानातून परतल्यावर, चंद्रमौळी वर गेला. फाटक्या वेतावरून बोट फिरवत म्हणाला, "उद्या साहेब येणार होता."

साहेब आला नाही, पुढेही कधी नाही. भिंत राहिली.

चंद्रमौळी जन्मला तेव्हा गल्लीत कावेरीचं पाणी भरलं होतं. त्याच्या आईचं बाळंतपण करायला भवानी गच्च्यांवरून आली होती.