कुलरसमोरचा सोडा

"कुलर लावून सोडा तोलू नका, ताई. ओल धरतो," असं तानाबाईंनी बजावलं होतं, तेव्हा शिवानी हसली होती. सोलापूरचा एप्रिल, बाहेर बेचाळीसचा पारा. इथं कसली आलीय ओल? शिवाय सांगणारी कोण, तर प्रयोगशाळेतली भांडी विसळणारी बाई. ऐकणारी रसायनशास्त्रातली एम.एस्सी.

बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर आली होती. शहराच्या जुळे सोलापूर भागात सासूबाईंजवळ दहा महिन्यांचा सिद्धू, छातीत दूध दाटलेलं, डोळे सारखे फोनकडे. पाण्याचा कुलर तिने तोंडासमोर ओढला, सोडा तोलला. तो आधी सुकवून घ्यायचा तिने कंटाळा केला.

काम होतं काचेचं; सिलिका, म्हणजे शुद्ध वाळू, आणि सोडा वितळवून ती बनते. पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूवर तिचा पातळ लेप द्यायचा. ही काच अंगातल्या पाण्यात थोडी थोडी विरघळते, वर पांढरा थर धरते आणि त्या थराला हाड येऊन जुळतं. सगळी मेख मापात. सिलिका कमी पडली तर हाड लवकर जुळतं, पण लेप निवताना तडकतो. जास्त झाली तर लेप धातूवर छान बसतो, पण हाड त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. म्हणून प्रयोगशाळेचे प्रमुख गुरुबसप्पा सर यांनी एकोणसाठ टक्के ठरवली होती; साठच्या पुढे भरवसा नाही. सोड्यात पाणी शिरलं की सोडा कमी पडणार आणि सिलिकेचा वाटा आपसूक चढणार, हे शिवानीला पाठ होतं. नुसतं पाठच होतं.

लेप दिलेली धातूची पट्टी शरीरातल्या द्रवासारख्या पाण्यात आठ दिवस ठेवली. ती पांढरी व्हायला हवी होती. बाहेर काढली तर तशीच लखलखीत. रजेनंतरची पहिलीच खेप. पुन्हा करायची म्हणजे पोर झाल्यापासून हिचं लक्ष नाही, हे ऐकून घ्यायचं. शिवानीने नोंदीत 'थर दिसला' असं लिहिलं आणि सही केली.

दंत रुग्णालयात या स्क्रूंची रुग्णांवर चाचणी होती. त्या खेपेतला पहिलाच स्क्रू तानाबाईंना बसणार होता. त्यांची खालची दाढ दोन वर्षांमागे गेली होती आणि नाव शिवानीनेच सुचवलेलं. भीती वाटत असेल तर नको, असं सरांनी दोनदा सांगून पाहिलं. तानाबाई पदराआड हसल्या.

"ताईच्या हातची काच हाय म्हणल्यावर मी कशाला भिऊ?"

बोलायची वेळ तीच होती. शिवानी सोड्याच्या बरणीचं झाकण घट्ट करत बसली.

तानाबाईंना स्क्रू बसला, वर नवी दाढही आली. महिन्याभराने त्याच बरणीतला सोडा तिने भीत भीत सुकवून पुन्हा तोलला. सातातला एक भाग पाणी होऊन उडून गेला होता; म्हणजे सिलिका साठच्या पुढे गेली होती. त्या दिवशी तिने सरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून पुसला.

"पट्टी दाखवायची होती की. दुसरी केली असती," एवढंच म्हणाले.

उरलेले स्क्रू डब्यातच होते, ते थांबवले. तानाबाई मात्र काम सोडून गावी वैरागला गेलेल्या, फोन बंद. सिद्धूला कडेवर घेऊन शिवानी तिथं पोचली, तर दाराला कुलूप. शेजारच्या काशम्माने सांगितलं, "लेकीकडं गेली नातेपुत्याला. घर कुटं हाय, म्हाईत न्हाय. दाढ ठणकती म्हणत हुती. पर ताईंना सांगू नगा म्हणली, त्यांना वाईट वाटंल."

परतीच्या एस.टी.त सिद्धूने तिचं बोट तोंडात घेऊन चावलं. त्याचा नवा दात पक्का होता. तिने बोट काढून घेतलं नाही.

नातेपुत्याला ती दोनदा जाऊन आली. थांग लागला नाही. तुमचं कोणी तिकडं असेल तर एवढं विचारा: वैरागच्या तानाबाई, पन्नाशीच्या, उजवीकडची खालची दाढ नवी. ती हलते का, हिरडी सुजलीय का, बघा. असेल तर दवाखान्यात न्या. आणि त्यांना सांगा, ताईनेच पाठवलंय, चूक तिची आहे.